भाडेकरूच्या गोळ्या दिसल्या, आता त्याला घर सोडायला सांगू का?

पुण्यातल्या एक काकू माझ्याकडे आल्या. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) वरचा मजला त्यांनी तिशीतल्या एका मुलाला भाड्याने दिला होता. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, पोलीस व्हेरिफिकेशन, सगळं रीतसर. नळ दुरुस्तीला प्लंबरबरोबर वर गेल्या तेव्हा ओट्यावर लिथियमच्या गोळ्या दिसल्या. भाच्याने मोबाइलवर शोधून सांगितलं, बायपोलरवर देतात, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जातं त्या आजारावर. त्या रात्रीपासून काकू जिन्याच्या दाराला कडी लावू लागल्या.

"उद्या त्याने काही केलं तर? मी एकटी बाई."

मी विचारलं, "चार महिन्यांत त्याने काय केलं?" बराच वेळ आठवून म्हणाल्या, "भाडं पाच तारखेला देतो. एकदा टाकी भरून वाहत होती, तर उतरून मोटर बंद केली."

गोळ्या दिसल्या म्हणजे उपचार चालू आहेत. मला धास्ती वाटते ती गोळ्या अचानक बंद केलेल्या माणसाची. आणि घर सुटलं की झोप उडते, दिनक्रम मोडतो, औषध चुकतं. या आजारात हे फार महाग पडतं. मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मान्य केला आहे. पण समाजात राहायचं म्हणजे कुणाच्या तरी घरातच ना! एजंटांकडून नकार ऐकून थकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, म्हणून हे पोटतिडकीने सांगते.

भाडं थकलं, तोडफोड झाली, तर करारातलं जे कलम इतरांना, तेच त्याला. सोसायटीत मात्र कुणाकडे बोलू नका, थेट त्याच्याशी बोला, असं मी सुचवलं.

काकूंनी चहाला बोलावून विचारलं, "गोळ्या दिसल्या रे. खोदून विचारत नाही. पण बरं नसलं तर कुणाला कळवू?" तो आधी गप्प बसला. मग साताऱ्याच्या बहिणीचा नंबर दिला आणि म्हणाला, "रात्रभर दिवा दिसला, तर ताईला सांगा." मी काकूंना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही लिहून दिला, तिथे घरमालकही बोलू शकतो.

श्रावणात सलग तीन रात्री दिवा जळत राहिला. काकूंनी फोन केला, ताई दुसऱ्या दिवशी एसटीने आली, डॉक्टरांनी औषध बदललं. दहा दिवस साताऱ्याला राहून तो परतला. त्या महिन्याचं भाडं आठ दिवस उशिरा आलं.

करार संपल्यावर काकूंनी तो नव्याने केला. डिपॉझिट तेवढंच ठेवलं.