एकच पावडर, दोन भट्ट्या: सिरॅमिक्सविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेचा जपानमधल्या एका गटाशी संयुक्त प्रकल्प आहे. दोघांकडे एकाच लॉटची अ‍ॅल्युमिना पावडर, दोघांचंही भाजणं १५५० अंशांवर दोन तास. त्यांच्या पेलेटची (दाबून भाजलेल्या चकतीची) घनता, अजिबात छिद्रं नसलेल्या पदार्थाच्या तुलनेत, ९८ टक्के येते, माझी ९४. सर म्हणतात, दाब वाढव. वाढवू का?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : इतक्यात नको. आधी मोजमापातच किती घोळ आहे ते बघा. १३ मिमीच्या डायमध्ये (दाबायच्या साच्यात) १ ग्रॅम पावडर दाबली, की भाजल्यावर पेलेटचं आकारमान जेमतेम पाव घन सेंटिमीटर उरतं. घनता काढायला पेलेट हवेत आणि पाण्यात तोलतात; पाण्यात लटकवल्यावर वजनात पडणारा फरक सुमारे २५५ मिलिग्रॅम. त्यात २ मिलिग्रॅम इकडचे तिकडे झाले, तरी उत्तर ०.८ टक्क्याने हलतं. हवेत तोलण्याआधी भिजलेला पेलेट कोरड्या फडक्याने पुसलात, तर उघड्या छिद्रांतलं पाणी फडकं ओढून घेतं आणि घनता फुगते. कडेला थेंब राहिला, तर घटते. फडकं आधी ओलं करून घट्ट पिळायचं आणि पेलेट त्यावर एकदाच फिरवायचा. खालच्या बाजूला चिकटलेला १ मिमीचा बुडबुडासुद्धा ०.२ टक्के खातो. त्यात पाण्याची घनता सरसकट १ धरायची सवय! ३० अंशांना ती ०.९९५७ असते, म्हणजे ०.४ टक्क्याची चूक फुकटात. शक्य असेल तर ४-५ ग्रॅमचा नमुना घ्या. यातल्या बऱ्याच चुका तिथल्या तिथे लहान होतात.

एवढं करूनही चार टक्क्यांचा हिशेब लागणार नाही. मग कच्च्या, म्हणजे दाबलेल्या पण अजून न भाजलेल्या, पेलेटकडे वळा. वर्निअरने व्यास आणि जाडी मोजा, वजन करा. कच्ची घनता ५५ टक्के असेल तर १ ग्रॅमच्या पेलेटची जाडी साधारण ३.४ मिमी भरते आणि ९८ टक्क्यांपर्यंत भाजल्यावर १३ मिमीचा व्यास १०.७ वर येतो. जपानी गटाकडून हेच आकडे मागवा. कच्ची घनता दोघांची सारखी निघाली, तर दाबाचा विषय तिथेच संपतो.

सारखी नसेल, तर संशय बाइंडरवर, म्हणजे पावडरीचे कण बांधून दाणे करणाऱ्या चिकट पदार्थावर. पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, नेहमीचा बाइंडर) हवेतली आर्द्रता शोषून मऊ होतं. जुलैत ऐरोलीत उघड्या ठेवलेल्या बरणीतले दाणे पंचला (साच्यात दाब देणाऱ्या दांड्याला) चिकटतात, पेलेटला आडवे पदर सुटतात. याउलट चोवीस तास एसी आणि डिह्युमिडिफायर चालणाऱ्या खोलीत तेच दाणे कडक होतात, दाबाखाली पुरते फुटत नाहीत आणि त्यांच्यामधल्या फटी भाजल्यावरही बुजत नाहीत. पेलेट मोडून मोडलेला पृष्ठभाग मायक्रोस्कोपखाली बघा. गोल दाण्यांचे ठसे दिसले, तर सरांचं म्हणणं काही अंशी बरोबर आहे. पण दाब वाढवण्याआधी दाण्यांची आर्द्रता ताब्यात आणा. बाइंडर जाळताना ६०० अंशांपर्यंत मिनिटाला १ अंश आणि तिथे तासभर थांबा. घाई केली की तडे ठरलेले.

मुख्य संशयित मात्र भट्टी. कंट्रोलरवर दिसणारे १५५० हे थर्मोकपलच्या (भट्टीतल्या तापमान मोजणाऱ्या तारेच्या) टोकाचं तापमान. टोक वर हीटरजवळ आणि पेलेट खाली तळाशी असेल, तर दोघांत वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो. यावर स्वस्त उपाय म्हणजे तापमान-नियंत्रण रिंग. ही सिरॅमिकची चकती किती आकसली ते मायक्रोमीटरने मोजून तक्त्यावरून वाचतात. एकाच बॅचच्या दोन रिंगा घ्या, एक त्यांच्या भट्टीत, एक तुमच्या, पेलेटच्या अगदी शेजारी. आकडे वेगळे आले, तर सेट पॉइंट (कंट्रोलरवर लावलेलं तापमान) बदला. पावडर, दाब, बाइंडर कशालाच हात लावू नका.

प्रश्न : लँथॅनम असलेलं पेरोव्हस्काइट (एका ठरावीक स्फटिकरचनेचं ऑक्साइड) करताना एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन चाचणीत) नको असलेली फेज, म्हणजे वेगळाच स्फटिक पदार्थ, दिसते. घटकांच्या वजनांचा हिशेब तीनदा तपासला. — संशोधक विद्यार्थी, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : हिशेब बरोबर, बाटलीतला पदार्थ चुकीचा. लँथॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी घेऊन हायड्रॉक्साइड बनतं. पूर्ण रूपांतर झालं तर वजन १६.६ टक्क्यांनी वाढतं. पावसाळ्यात तुम्ही ऑक्साइड म्हणून पाण्याचंच वजन करत असता. वापरण्याआधी ९०० ते १००० अंशांवर काही तास तापवा, डेसिकेटरमध्ये थंड करा आणि काढल्या काढल्या वजन करा. सिलिका जेल गुलाबी झालेला डेसिकेटर म्हणजे नुसता काचेचा डबा.

प्रश्न : जर्मनीला तपासणीसाठी पावडर आणि पेलेट पाठवायचे आहेत. कुरिअरवाले पांढरी पूड म्हटलं की नाही म्हणतात. — प्राध्यापक, नेरुळ

उत्तर : ‘पांढरी पूड’ लिहिलं की अडणारच. रासायनिक नाव आणि सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला नोंदणी क्रमांक) लिहा (अ‍ॅल्युमिनाचा १३४४-२८-१), सोबत सुरक्षा माहितीपत्रक जोडा. इन्व्हॉइसवर ‘संशोधनासाठी नमुना, विक्रीसाठी नाही’ असं स्पष्ट लिहा, पण किंमत शून्य टाकू नका, छोटी का होईना रक्कम घाला. परकीय व्यापार महासंचालनालयाची स्कोमेट यादी (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची) आधी चाळा. अ‍ॅल्युमिनाच्या साध्या पेलेटला अडचण नाही. मात्र काही सिरॅमिक कंपोझिट त्या यादीत येतात आणि त्यांना परवाना लागतो. पेलेटवर पेन्सिलीने आकडे घालू नका, पुन्हा तापवलं की ग्राफाइट जळून जातं. दाबल्यावर लगेच कडेला खाचा पाडा: एक, दोन, तीन.

प्रश्न : सिरॅमिक्समध्ये पीएच.डी.साठी युरोपात जायचं आहे. सुरुवात कुठून करू? — बी.टेक., वाशी

उत्तर : देशातूनच. विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप, कोलकात्याचं केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थान, हैदराबादचं एआरसीआय (पावडर धातुशास्त्र आणि नव्या पदार्थांचं संशोधन केंद्र), बनारसचा सिरॅमिक अभियांत्रिकी विभाग. यांपैकी एका ठिकाणी दोन महिने भट्टी सांभाळून या. मग मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या (युरोपीय संघाच्या निधीवरच्या पीएच.डी. योजनेच्या) जागा युराक्सेस या संशोधन-नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर बघा. नागरिकत्वाची अट नाही आणि ही शिष्यवृत्ती नसून पगारी नेमणूक असते. एक नियम मात्र अनेकांना नडतो: नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसावे. त्यामुळे जर्मनीत एम.एस. करत असाल, तर अर्ज शेजारच्या देशात करा. प्राध्यापकांना अर्ध्या पानाचं पत्र पुरे. ‘मला संशोधनाची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येकाच्या पत्रात असतं. त्याऐवजी स्वतः मोजलेला एक आकडा आणि त्यातली अनिश्चितता लिहा.

प्रश्न : आमच्या कॉलेजचा परदेशी विद्यापीठाशी करार झाला, फोटो निघाले, पुढे काही नाही. निधीही नाही. — विभागप्रमुख, ठाणे

उत्तर : राउंड रॉबिन करा. व्हॅमास ही १९८२ च्या जी-७ परिषदेतून निघालेली योजना याच पद्धतीवर चालते: एकच नमुना अनेक प्रयोगशाळांत मोजायचा आणि फरक कुठून येतो ते शोधायचं. तुम्ही तीन प्रयोगशाळा घ्या, एका जागी केलेले पंधरा पेलेट, प्रत्येकीला पाच, मोजायची फक्त घनता आणि कडकपणा. खर्च कुरिअरचा. सगळं विद्यार्थ्यांच्या हाती द्या, परदेशी गटाशी पत्रव्यवहारही त्यांनीच करावा. दोन गोष्टी मात्र सुरुवातीलाच लेखी ठरवा: शोधनिबंधावर कोणाची नावं कोणत्या क्रमाने, आणि कच्च्या नोंदी कोणाकडे राहणार. तिघांचे आकडे पोचल्याशिवाय कोणीही कोणाला आपले कळवायचे नाहीत. नाहीतर दुसऱ्याचा आकडा बघून आपला पेलेट पुन्हा पुसायचा मोह होतो.