कंपनी-विद्यापीठ भागीदारीतल्या संशोधनासाठी नेदरलँड्सला येताय, तर

तुम्ही विचारलंत की वागेनिंगनला बियाणं कंपन्या आणि विद्यापीठ यांच्या भागीदारीतल्या प्रकल्पात पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची जागा मिळतेय, टोमॅटोच्या पाण्याच्या ताणावर काम आहे, बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा बरोबर येणार, तर यावं का. व्हिसा, पगार, करसवलत हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेलं आहे. तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यात जे घोळतंय तेवढंच लिहितो.

इथे २०११ मध्ये टॉपसेक्टर धोरण, म्हणजे निवडक क्षेत्रांत सरकार, कंपन्या आणि संशोधन संस्थांनी मिळून काम करायचं धोरण आलं आणि फलोत्पादन-बियाणं हे त्यातलं एक क्षेत्र ठरलं. सरकार पैसे घालतं, कंपन्याही घालतात. त्यांचा वाटा काही रोख, काही बी, हरितगृहातली जागा, माणसांचे तास अशा रूपात येतो. त्यामुळे एरवी हाती लागणार नाही असं साहित्य आणि उपकरणं मिळतात. पण अशाच प्रकल्पात माझ्याकडे आलेल्या बियांच्या पाकिटांवर फक्त क्रमांक होते. आईबाप कोण, कुठल्या रानटी जातीचं रक्त आहे, काही लिहिलेलं नाही. रोज कॅमेऱ्याखाली पानं मोजायची, मुळं धुऊन स्कॅन करायची. पाणी तोडल्यावर कोणतं रोप तग धरतंय हे सगळ्यांत आधी मला दिसायचं, पण ते रोप आहे काय, हे कंपनीच्या ब्रीडरला, म्हणजे वाण तयार करणाऱ्याला ठाऊक.

निकाल चांगला आला. पेपर आधी कंपनीला दाखवायचा, हे करारात असतंच; पेटंट घ्यायचं का हे ठरवायला त्यांना मुदत लागते. ती मुदत वाढत गेली. शेवटी जे छापून आलं त्यातून जनुकाच्या जागेचा नकाशा गळला होता. सगळं कराराला धरूनच झालं. तरी अजून रात्री आठवतं, की ज्याची विहीर मार्चमध्येच तळाला जाते त्या शेतकऱ्याच्या उपयोगाचा गुण मी डोळ्यांनी पाहिला, आणि तो दरवर्षी महागडं संकरित बी घेईल याची खात्री नाही म्हणून त्याच्यासाठी वाण काढायला कोणी बसलं नाही.

भागीदारी वेगळ्या तऱ्हेनंही करता येते. बीटी वांग्यात, म्हणजे जनुक बदलून कीडरोधक केलेल्या वांग्यात, महिको या भारतीय बियाणं कंपनीने आपलं तंत्रज्ञान सार्वजनिक संस्थांना दिलं. भारतात फेब्रुवारी २०१० मध्ये त्याला स्थगिती मिळाली. बांगलादेशात २०१३ मध्ये तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेचे चार वाण मंजूर झाले. ते सरळ वाण, म्हणजे शेतकरी बी राखून पुन्हा पेरू शकतो. तंत्रज्ञानाबद्दल तुमचं मत काहीही असो, शेतकऱ्याच्या हातात काय पडणार याचा विचार तिथे आधी झाला होता. माझ्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत तो प्रश्न कोणी काढलाच नाही.

आता कागदपत्रं. बायकोच्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव असेल आणि पासपोर्टवर सासरचं, तर विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावं स्पष्ट आहेत ना ते आजच बघा, आणि जन्म-विवाहाच्या दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी प्रमाणशिक्का, भारतातूनच करून आणा. आमचं इथल्या नगरपालिकेत याच एका गोष्टीवर अडलं. लग्नानंतर मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं, हे खिडकीपलीकडच्या बाईंच्या पचनी पडेना. नोंद लांबली, नोंदणी क्रमांक लांबला, आणि त्याच्याशिवाय बँकेचं खातं अडलं. माझी बायको रोज मला विचारायची की मी नक्की कोण आहे ते त्यांना कधी कळणार. मी प्रयोगाच्या घाईत होतो.

मुलाचं मात्र शांतपणे वाचा. इथे प्राथमिक शाळेच्या आठव्या गटात, साधारण बाराव्या वर्षी, मूल पुढे कुठल्या प्रवाहात जाणार याचा सल्ला शाळा देते. व्हेवेओ थेट विद्यापीठाकडे नेतं, हावो उपयोजित उच्चशिक्षणाकडे. आमची मुलगी दहाव्या वर्षी आली. गणितात वर्गाच्या पुढे, डच मात्र कच्चं. शाळेने हावो लिहिलं. मी वह्या घेऊन गेलो, तर शिक्षिका गोड आवाजात म्हणाल्या, तिच्यावर ताण नको. आता आठव्या गटातल्या परीक्षेचा निकाल सल्ल्यापेक्षा वरचा आला तर शाळेने सल्ला वाढवावा असा नियम आहे, तेव्हा तसा नव्हता. हावो संपवून व्हेवेओत जाता येतं, ती गेलीही. आज ती मजेत आहे. त्या खोलीतला तो गोड आवाज माझ्या मनातून जात नाही. तुमचा मुलगा नऊचा आहे, म्हणजे हातात फार तर तीन वर्षं. पहिल्या आठवड्यापासून डच सुरू करा आणि सातव्या गटातच शिक्षकांना विचारा की ते कुठला प्रवाह धरून चाललेत.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, आणि कामात बुडालं की मागे पडतो.

यावं का, याला मी हो म्हणेन. फक्त नेमणुकीच्या पत्राबरोबर प्रकल्पाचा भागीदारी करारही मागा. पूर्ण देणार नाहीत, पण प्रकाशनाची मुदत, ती किती वेळा वाढवता येते आणि निकालांची मालकी कोणाकडे, एवढे मुद्दे प्रमुख संशोधकाने ईमेलवर लेखी द्यावेत. भारतातल्या सार्वजनिक संस्थेला ते साहित्य संशोधनासाठी मिळेल का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. सही करण्याआधी विचारलंत तर उत्तर मिळतं.