‘ब्लॅक बॉडी’ मराठीत: देह की शरीर?

प्रश्न असा आला आहे: ता-नहासी कोट्स या काळ्या अमेरिकी लेखकाच्या ‘बिट्वीन द वर्ल्ड अँड मी’ या पुस्तकातले काही उतारे वाचनगटासाठी मराठीत करायचे आहेत. त्यात ‘ब्लॅक बॉडी’ पानोपानी येतं. गटात कुणी ‘कृष्णदेह’ सुचवलं, कुणी ‘काळं शरीर’. देह आणि शरीर यांत खरंच काही फरक आहे का, आणि इथे कोणता शब्द बसेल? सोबत गटाचा मसुदाही आहे, आणि त्यातल्या एका वाक्यावर गाडी अडली आहे.

माझ्या मते शरीर. ‘देह’ घेतला तर लेखकाचं म्हणणंच उलटं होऊन बसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे पुस्तक २०१५ साली आलं. कोट्स यांनी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला लिहिलेलं हे एक लांबलचक पत्र आहे. काळे अमेरिकी लेखक जेम्स बाल्डविन यांनी पुतण्याला लिहिलेल्या, १९६३ मध्ये पुस्तकात छापलेल्या पत्राचा धागा त्यात उघड दिसतो. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एरिक गार्नर हा काळा माणूस पोलिसांनी गळा आवळल्यामुळे मेला होता आणि क्लीव्हलंडमध्ये खेळण्यातली बंदूक हातात असलेल्या बारा वर्षांच्या टॅमिर राइस या काळ्या मुलाला पोलिसांनी गोळी घातली होती. वाढत्या वयाच्या मुलाला बाप हे कसं सांगणार? ‘वंशसंबंध’, ‘वांशिक न्याय’, ‘गोऱ्यांचं वर्चस्व’ अशा शब्दांवर कोट्स यांचा भरवसा नाही. असे शब्द माणसाला लागलेला मार झाकून टाकतात, असं त्यांना वाटतं. म्हणून ते प्रत्येक गोष्ट हाडामांसापर्यंत आणून सोडतात. पश्चिम बॉल्टिमोरमधलं स्वतःचं लहानपण सांगताना ते म्हणतात की डोक्याचा एक तृतीयांश भाग एकाच हिशोबात गुंतलेला असे: शाळेत कुणाबरोबर चालत जायचं, किती जणांनी जायचं, चालण्याची ढब कशी ठेवायची, कुणाकडे बघून हसायचं आणि कुणाकडे नाही. विषमता म्हणजे काय, हे मला इतकं नेमकं दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळालं.

आता ‘देह’. मराठीत हा शब्द एकटा येतच नाही. उच्चारला की मागोमाग आत्मा येतो. देह नाशिवंत आणि आत्मा अमर, देह ठेवला, देहभान हरपलं, देहबुद्धी सुटली, हे सगळं संतांनी आणि कीर्तनकारांनी आपल्या कानांत इतकं मुरवलं आहे की ‘देह गेला’ म्हणताना ‘पण काहीतरी उरलं’ हे न सांगता कळतं. कोट्स यांना नेमकं तेच नको आहे. ते देव मानत नाहीत. आत्मा वगैरे जे काही आहे ते हे शरीर आणि हा मेंदूच, आणि तो नष्ट होऊ शकतो, असं ते मुलाला स्पष्ट सांगतात. हॉवर्ड विद्यापीठातला त्यांचा एक मित्र २००० साली पोलिसाच्या गोळीने गेला. श्रद्धांजलीच्या सभेत लोक त्या पोलिसाला क्षमा मिळावी म्हणून प्रार्थना करत होते, आणि कोट्स यांना त्यात सामील होता आलं नाही. गेलं ते कायमचं गेलं, दुसरीकडे कुठे त्याची भरपाई नाही: या जाणिवेवर सगळं पुस्तक उभं आहे. तिथे ‘देह’ लिहिलं की वाचकाला नकळत दिलासा मिळतो. तो मिळता कामा नये.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे हटकून आठवतं. चौदाव्या शतकातल्या संत सोयराबाईंचा अभंग: ‘देहासी विटाळ म्हणती सकळ। आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध॥’ आणि लगेच पुढे, ‘देहींचा विटाळ देहींच जन्मला। सोवळा तो झाला कवण धर्म॥’ पहिल्या ओळीत त्या आत्म्याचा आधार घेतात. विटाळ लागला तर देहाला, आत्म्याला नाही. दुसऱ्या ओळीत मात्र त्या देहावरच येतात आणि विचारतात की विटाळ देहातच जन्मलेला असेल, तर सोवळा कोण? माझ्या लेखी ही दुसरी ओळ मराठीतल्या सर्वांत धारदार प्रश्नांपैकी एक आहे. पण पहिल्या ओळीतला आधार कोट्स यांना उपलब्ध नाही, आणि आपण भाषांतरात तो परस्पर देऊन टाकू नये.

‘शरीर’ तुलनेने कोरडा शब्द आहे. डॉक्टरांचा, शाळेतल्या शरीरशास्त्राच्या तासाचा. इथे तो कोरडेपणाच कामाला येतो. शिवाय ‘शीर्यते इति शरीरम्’ अशी त्याची पारंपरिक व्युत्पत्ती आहे: जे झिजतं, मोडतं ते शरीर. यास्क या प्राचीन व्युत्पत्तिकारानेही ‘निरुक्त’ या आपल्या ग्रंथात तो ‘मोडणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला आहे. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही हे खरंच, पण कोट्स ज्या मोडण्याविषयी बोलतात ते या शब्दाच्या मुळाशीच बसलेलं आहे.

‘देह’च्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे, तो सांगायला हवा. संविधानाच्या मराठी पाठात ‘हेबियस कॉर्पस’ला, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा या आदेशाला, ‘देहोपस्थिती’ म्हटलं आहे. म्हणजे कायद्याच्या मराठीत आत्म्याविना देह नांदतो, तोही थेट स्वातंत्र्याच्या संदर्भात. पण तो समास कोर्टापुरता राहिला. बोलण्यात ‘देह’ अजून अभंगातलाच आहे.

‘बॉडी’ तसंच ठेवता येईल का? नाही. मराठीत बॉडी एकतर व्यायामशाळेत बनवतात, नाहीतर पोलीस ताब्यात घेतात.

एकदा ‘शरीर’ ठरलं की शेवटपर्यंत तेच ठेवा. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द पुन्हा आला की बाई खाली लाल रेघ मारायच्या. ती सवय हाताला लागलेली असते, आणि मग पुढच्या वाक्यात ‘काया’, त्यापुढच्यात ‘तन’ येतं. कोट्स मुद्दाम एकाच शब्दावर घाव घालत राहतात. यादवी युद्धाच्या तोंडावर गुलामांच्या शरीरांची किंमत चार अब्ज डॉलर होती, अमेरिकेतले सगळे कारखाने आणि रेल्वे यांच्या एकत्रित किमतीपेक्षा जास्त, असं ते लिहितात, तेव्हा तिथलं शरीर आणि शाळेच्या वाटेवरचं शरीर एकच आहे हे वाचकाला दिसलं पाहिजे.

आता विशेषण. ‘कृष्णवर्णीय’ वर्तमानपत्रांत रुळलेला आहे, पण त्यातला ‘वर्ण’ मराठी वाचकाला चातुर्वर्ण्याकडे खेचतो, आणि ‘कृष्णदेह’ म्हटलं तर विठ्ठलाचं ध्यान डोळ्यांपुढे येतं. ‘काळा’ साधा आहे, मूळही साधंच आहे. फक्त ‘काळं शरीर’ असं लिहू नका. त्यातून काळेपण हा त्या शरीराचाच गुण आहे असा अर्थ निघतो. कोट्स यांचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे: वंश आधी आणि वंशद्वेष नंतर असं घडलेलं नाही, द्वेषातूनच वंश जन्माला आला. म्हणून ‘काळ्या माणसाचं शरीर’. एक शब्द वाढतो, पण ते शरीर कुणाचं तरी आहे हे राहतं.

याच कारणाने ते गोऱ्यांना नुसतं गोरे म्हणत नाहीत; आपण गोरे आहोत असा विश्वास असलेले लोक, अशी ती रचना आहे. मराठीत पटकन ‘स्वतःला गोरे समजणारे’ सुचतं, पण ‘स्वतःला शहाणा समजतो’मधला टोमणा त्याला चिकटतो. कोट्स टोमणा मारत नाहीत, एका श्रद्धेचं वर्णन करतात. ‘स्वतःला गोरे मानणारे’ लिहा. देव मानतात तसं मानणं.

तुम्ही ज्या वाक्यावर अडला आहात, त्याचं मी असं करीन: ‘अमेरिकेत काळ्या माणसाचं शरीर नष्ट करणं ही परंपरा आहे, तो वारसा आहे.’ तुमच्या मसुद्यात ‘वारसा’ खोडून ‘रीत’ केलं आहे, कारण वारसा हा चांगल्या गोष्टींचा असतो. मूळ ‘हेरिटेज’ हा शब्दही चांगल्याच गोष्टींचा आहे. दक्षिणेतल्या राज्यांत गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या फौजेचा झेंडा फडकवणारे ‘हा द्वेष नव्हे, आमचा वारसा आहे’ असंच म्हणत आले. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या माणसांची हत्या झाली, त्यानंतर १० जुलैला साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनासमोरून तो झेंडा उतरला, आणि त्याच महिन्यात हे पुस्तक बाजारात आलं. तेव्हा ‘वारसा’ परत घाला.