स्नायूंच्या आजारातले दात: बीडीएसनंतर कोणती वाट धरावी?

प्रश्न: मी नागपुरात बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या 13 वर्षांच्या चुलतभावाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार) आहे, तो व्हीलचेअरवर असतो. त्याची खालची दाढ किडून दुखतेय. दोन दवाखान्यांनी ‘हृदयाचा त्रास आहे, मोठ्या ठिकाणी न्या’ एवढंच सांगून परत पाठवलं. मला अशाच रुग्णांसाठी काम करायचं आहे. यासाठी वेगळी पदवी असते का? बाबांचा आग्रह ऑर्थोचा, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याच्या शाखेचा आहे. या कामात मिळकत नाही, असं त्यांना वाटतं.

उत्तर: आधी भावाच्या दाढेचं बोलू. ती तुझ्या निकालापर्यंत थांबणार नाही.

त्याला मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात, बालदंतरोग विभागात घेऊन जा. जाताना चार गोष्टी लिहून ने: शेवटचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), फुप्फुसांच्या तपासणीतला एफव्हीसीचा (एका दमात जोराने बाहेर सोडता येणाऱ्या हवेचा) आकडा, सगळी औषधं डोससकट, आणि हाडांसाठी झोलेड्रोनेटसारखं इंजेक्शन कधी दिलंय का. प्रत्येकाला कारण आहे. या मुलांना वर्षानुवर्षं स्टेरॉइड चालू असतं. ते अचानक बंद करायचं नाही, आणि मोठ्या उपचाराआधी डोस वाढवायचा का हे त्याच्या डॉक्टरांना विचारायचं. झोलेड्रोनेट झालं असेल तर दाढ काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, म्हणून शक्य तिथे काढण्याऐवजी रूट कॅनॉल बरं.

हृदय कमजोर आहे म्हणून जागेवरची भूल देताच येत नाही, असं नाही. आपल्याकडच्या लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात ॲड्रेनॅलिन 1:80,000 या प्रमाणात, म्हणजे दर मिलिलीटरला 12.5 मायक्रोग्रॅम असतं; त्याने हृदयाची धडधड वाढते. हृदयरुग्णासाठी एका बैठकीला साधारण 40 मायक्रोग्रॅमची मर्यादा पाळतात, म्हणजे 3.2 मिली. खालच्या जबड्याची एक बाजू बधिर करणाऱ्या एका इंजेक्शनला (ब्लॉकला) दीड ते पावणेदोन मिली लागतं. ॲस्पिरेट करून (सुई रक्तवाहिनीत नाही ना हे ओढून बघून), सावकाश, मुलाला बसतं ठेवून दिलं तर एका दाढेचं काम या मर्यादेत बसतं. अर्थात इको बघून आणि हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच.

खरा धोका पूर्ण भूल देताना असतो. ड्युशेनमध्ये सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध द्यायचं नाही आणि सेव्होफ्लुरेनसारखे भुलीचे वायूही टाळायचे. स्नायू फुटून रक्तात पोटॅशियम एकदम वाढतं आणि हृदय थांबू शकतं. भूल शिरेतून, प्रोपोफॉल या औषधावर द्यावी लागते. एफव्हीसी अपेक्षित मापाच्या 50 टक्क्यांखाली असेल तर दंतखुर्चीत गुंगीचं औषधही नको. आणखी एक चूक काळजीपोटीच होते: ऑक्सिजन कमी दिसला की नुसता ऑक्सिजन लावतात. मॉनिटरवरचा आकडा सुधारतो, पण श्वासाचे स्नायूच थकलेले असल्याने कार्बन डायऑक्साइड आत साचत राहतो. तिथे बायपॅपने (मास्कमधून हवा आत ढकलणाऱ्या यंत्राने) श्वासाला आधार द्यावा लागतो. हे सगळं फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

तुझ्या भावाला परत पाठवणाऱ्यांची हृदयाबद्दलची शंका रास्त होती. पण का पाठवतोय आणि कोणाकडे, याची चार ओळींची चिठ्ठी त्याला मिळायला हवी होती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. हा रुग्ण कोणाची तरी मेहेरबानी मागायला आलेला नसतो.

आता पदवी. ब्रिटनमध्ये ‘स्पेशल केअर डेंटिस्ट्री’ 2008 पासून स्वतंत्र शाखा आहे. आपल्याकडे त्या नावाचं एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी) नाही. सगळ्यात जवळची वाट पेडोची, म्हणजे बालदंतरोगाची: इंटर्नशिप, नीट-एमडीएस, मग तीन वर्षं. विशेष गरजा असलेल्या मुलांचे उपचार तिच्या अभ्यासक्रमातच आहेत. तोंडाची सर्जरी घेतलीस तर पूर्ण भुलीचा सराव जास्त होईल, पण दहा-दहा वर्षं एकाच तोंडाची निगा राखणं तिथे घडत नाही, आणि या कामाचा गाभा तोच आहे. पेडोची एक मर्यादाही ध्यानात ठेव. ही मुलं मोठी होतात. श्वासाची आणि हृदयाची काळजी नीट घेतली तर ड्युशेनचे मुलगे आज तिशीपर्यंत पोचतात, आणि अठरानंतर त्यांना ‘आता मोठ्यांच्या विभागात जा’ म्हणतात, जिथे त्यांची सवय कोणालाच नसते. हे रुग्ण सोडायचे नाहीत, असं आत्ताच ठरव.

कॉलेज निवडताना रँकिंगआधी विचार, की पूर्ण भुलीखाली सगळ्या दातांचं काम महिन्यात किती वेळा होतं आणि त्यात पीजीच्या मुलांचा हात लागतो का. शेजारी वैद्यकीय रुग्णालय असणं इथे सोय नाही, गरज आहे. त्या बाबतीत आपला भाग नशीबवान आहे. शासकीय दंत मेडिकलच्या आवारात, डिगडोहचं कॉलेज लता मंगेशकर रुग्णालयाजवळ, वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचंही तसंच.

इंटर्नशिपमध्ये सेरेब्रल पाल्सीची (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेली) मुलं बघ. खुर्ची कशी लावायची ते त्यांच्याकडून शिकशील. खुर्ची झटकन मागे पाडली की मूल ताठ होतं. डोकं एका बाजूला वळलं की त्या बाजूचा हात-पाय सरळ ताणला जातो. पालकांना वाटतं पोर हट्ट करतंय, पण तो रिफ्लेक्स असतो. म्हणून डोकं मधोमध, गुडघ्यांखाली उशी, खुर्ची हळूहळू मागे, दिव्याचा झोत आधी छातीवर आणि मग तोंडावर. तोंड उघडं ठेवणाऱ्या माउथ प्रॉपला फ्लॉसचा दोरा बांधून टोक बाहेर ठेवायचं, नाहीतर तो घशाकडे सरकतो. दातांमध्ये बोट नाही, कारण चावा त्याच्या हातात नसतो. फिटची औषधंही विचार: फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, व्हॅल्प्रोएटने प्लेटलेट कमी होऊ शकतात, तेव्हा दात काढण्याआधी काउंट बघ. डाउन सिंड्रोममध्ये मान मागे ताणायची नाही, वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे आईला ब्रश शिकवणं. मुलाच्या मागे उभं राहून त्याचं डोकं आपल्या छातीशी टेकवायचं, एका जुन्या ब्रशची दांडी दाढांमध्ये चावायला द्यायची आणि दुसऱ्याने घासायचं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. थुंकता येत नसेल तर फडक्याने पुसायचं. रात्रीच्या गोड सिरपनंतर तोंड तसंच राहिलं तर बाकी सगळं वाया जातं. 38 टक्क्यांचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड न ड्रिल करता कीड थांबवतं, पण कीड काळी पडते. लावण्याआधी पालकांना काळ्या दाताचा फोटो दाखव, नाहीतर विश्वास जातो.

बाबांची काळजी खरी आहे. फक्त या रुग्णांवर दवाखाना चालणं कठीण, कारण एकेका भेटीला पाऊण-एक तास जातो. पेडोची नेहमीची प्रॅक्टिस ठेव आणि आठवड्यातल्या दोन सकाळी यांच्यासाठी राख. भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेल्या एका रुग्णालयाशी महिन्याचा ठरलेला दिवस बांधून घे. पगारी काम हवं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत दंत वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद असतं. कॉलेजमधली नोकरीही आहेच. सेरेब्रल पाल्सीच्या पालकांना निरामय योजनेचा 1 लाखाचा विमा सांग. ही योजना दिव्यांग हक्क कायद्याची नाही, राष्ट्रीय न्यास कायद्याखालची आहे; मस्क्युलर डिस्ट्रॉफी त्या कायद्यात स्वतंत्रपणे नाही, तेव्हा भावाच्या घरी ती आशा लावू नकोस.

पुढे जागा बघायला धंतोली-रामदासपेठेत फिरशील तेव्हा टेप सोबत ने. दारं 90 सेमी रुंद हवीत. रॅम्पचा उतार 1:12 लागतो, म्हणजे पुढच्या दोन पायऱ्या मिळून 30 सेमी उंच असतील तर 3.6 मीटर लांबी. बहुतेक गाळ्यांपुढे तेवढी जागा नसते, म्हणून भाडं ठरवण्याआधी मोजून घे.