एक्सेलमध्ये मॅक्रोने (कामं आपोआप करणाऱ्या कोडने) चार्ट काढताना 1004 एरर कधी येतो, कधी येत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की डेटा शीटवरून मॅक्रो चालवला की चार्ट नीट येतो, समरी शीटवरच्या बटणावरून चालवला की 1004. आणि मित्राने कोडच्या डोक्यावर 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट', म्हणजे एरर आला तरी न थांबता पुढची ओळ चालव, ही ओळ टाकायला सांगितलंय. अजिबात टाकू नका. याच ओळीवरून माझं ऑफिसात वाजलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

महाप्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी एमआयएस, म्हणजे कंपनीचे आकडे आणि रिपोर्ट, बघायचे. महिन्याच्या डिस्पॅच रिपोर्टमधला चार्ट मॅक्रोने निघायचा. मॅक्रो आमच्या सरांचा, आणि सरांचा उपाय ठरलेला, हीच ओळ. "एरर गेला ना? मग झालं तर." एका रिव्ह्यूला चार्टवर शीर्षक 'डिस्पॅच' आणि खाली खांब रिजेक्शनचे. प्लँट हेडनी विचारलं, डिस्पॅच एवढा कसा पडला? सर माझ्याकडे बघायला लागले!

जागेवर येऊन मी ती ओळ उडवली आणि एफ8 दाबत एकेक ओळ चालवली. चार्टला डेटा कुठून घ्यायचा ते सांगणाऱ्या सेटसोर्सडेटाच्या ओळीला पिवळं झालं. रेंज डेटा शीटची, पण तिच्या कंसातल्या दोन्ही सेल्सच्या आधी शीटचा पत्ताच नाही. साध्या मॉड्यूलमध्ये नुसतं सेल्स लिहिलं की समोर जी शीट उघडी असेल तिचे सेल धरले जातात. रेंज एका शीटची आणि कोपरे दुसरीचे, म्हणून 1004. सर कायम डेटा शीटवरून चालवायचे, त्यांना तो दिसणार कसा? आणि नवा चार्ट टाकणारं ॲडचार्ट2 कर्सर ज्या टेबलात असेल ते आपणहून उचलतं. कर्सर होता समरीवरच्या रिजेक्शनच्या टेबलात. सोर्सची ओळ गुपचूप गळली, शीर्षकाची मात्र इमानदारीत चालली.

तुमचंही हेच असणार. विथ वर्कशीट्स("डेटा") लावा आणि रेंज, सेल्स सगळ्यांच्या आधी टिंब द्या, म्हणजे ते त्याच शीटचे धरले जातील. मॅक्रो रेकॉर्डरने भरलेले सिलेक्ट आणि ॲक्टिव्हचार्ट काढा. चार्ट निवडलेला नसला की तिथे एरर 91 येतो. नवा चार्ट सरळ व्हेरिएबलमध्ये धरा. शीर्षकाच्या आधी हॅजटायटल ट्रू करा. एवढं करूनही अडलं तर शीट प्रोटेक्ट आहे का बघा, तिथेही आकडा 1004च.

हां, ती ओळ अगदीच टाकाऊ नाही. जुना चार्ट असला तर डिलीट कर, एवढ्या एका कामापुरती चालते. लगेच खाली 'ऑन एरर गोटू 0' हवं, म्हणजे पुढचे एरर पुन्हा दिसतात. सरांना हेही सांगितलं होतं. "अगं, एका ओळीत भागतंय तर दोन कशाला?" सर आजही तेच म्हणत असतील. तुमच्या मित्राला एवढंच विचारा, चुकीचा चार्ट साहेबांपुढे गेला तर उत्तर द्यायला तो येणार आहे का?