‘ले बार्बूझ’ या फ्रेंच चित्रपटाची फ्रान्सहून मागवलेली डीव्हीडी भारतातल्या प्लेअरवर चालेल का?

साध्या प्लेअरवर बहुधा नाही. सर्व रीजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल ते ठरवणारे विभाग) वाचणारा प्लेअर हवा. फ्रान्सचा डीव्हीडी रीजन 2, आपला 5. ब्लू-रेचीही तीच गत: तिथे बी, इथे सी. पॅल या टीव्ही-चित्रप्रणालीची मात्र चिंता नको, भारतातही पॅलच आहे. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन साधारण पाचदाच बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो; एका डिस्कसाठी तो बदलू नका.

खरी अडचण सबटायटल्सची आहे. दिग्दर्शक जॉर्ज लोत्नेरच्या या 1964 च्या कृष्णधवल हेरपटाची (इंग्रजी नाव ‘द ग्रेट स्पाय चेस’) गंमत मिशेल ओदियारच्या बोलीभाषेतल्या संवादांत आहे, आणि फ्रेंच डिस्कवर अनेकदा कर्णबधिरांसाठीची फ्रेंच सबटायटल्सच असतात. वेष्टनावर ‘सू-तित्र आंग्ले’ असेल तरच इंग्रजी मिळतील. नुसतं ‘व्हीएफ’ म्हणजे फक्त फ्रेंच आवाज.

डीव्हीडीवर लांबी काही मिनिटं कमी दिसली तर कात्री लागली असं लगेच समजू नका. पॅलमध्ये सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटी धावतात, त्यामुळे 100 मिनिटांचा चित्रपट 96 मिनिटांत संपतो. नायक लीनो व्हेंतुराचा आवाजही किंचित चढा वाटू शकतो. 24 चौकटींच्या ब्लू-रेवर हे होत नाही.