स्ले द स्पायर हा पत्त्यांचा व्हिडिओ गेम म्हणजे सगळा नशिबाचा खेळ आहे का? निम्मे रिव्ह्यू मास्टरपीस म्हणतात, निम्मे शिव्या घालतात. घ्यावा, की आधी बलात्रो घेऊ?

नशिबाचा नाही. "सगळा नशिबाचा खेळ" हे वाक्य वाचलं की माझं टाळकं फिरतं, कारण आमच्या दाजींच्या तोंडून मी ते कित्येक वर्षं ऐकालोय. त्यामुळं उत्तर जरा लांबणार, चालवून घ्या.

आधी दाजी कोण ते सांगतो. बेळगावात शहापूरला घर, आणि रमीत त्यांचा हात धरणारा गल्लीत कोण नाही. गणपतीत मंडपात जागरणाला बसले की पहाटेशिवाय उठत नाहीत. फोनवर पैशाची रमी पण खेळायचे. 2021 च्या ऑक्टोबरात कर्नाटकनं कायदा बदलून ऑनलाईन पैशाचे खेळ बंद केले, लोकेशन इकडचं दिसलं की ॲप खेळूच देईना, मग हे गडी गाडी काढून शिनोळीला. तिथं चंदगड तालुका लागतो, म्हणजे महाराष्ट्र, टपरीवर चहा सांगायचा आणि बसायचं खेळत. ताईला काय, तर "शिनोळीत पार्टी भेटणार आहे." 2022 च्या फेब्रुवारीत हायकोर्टानं तो बदल रद्द केला तेव्हा ह्यांचा आनंद बघण्यासारखा होता. सुप्रीम कोर्टानं साठच्या दशकातच रमीला कौशल्याचा खेळ म्हटलंय हे त्यांना आरतीसारखं पाठ. आणि हाच माणूस मी स्पायर खेळताना मागं उभा राहून म्हणणार, "कॉम्प्युटर पत्ते देणार, तू मरणार. ह्यात डोकं कुठं आलं ओ पाव्हणं?"

एकदा पावसात बाहेर पडायची सोय नव्हती, तेव्हा लॅपटॉपच पुढं सरकवला, म्हटलं खेळा की मग. आयर्नक्लॅड नावाचा गडी दिला, 80 हेल्थ, बाकी सगळं त्यांनीच निवडलं. पहिल्याच ॲक्टमध्ये एलिट, म्हणजे नेहमीपेक्षा दांडगा शत्रू, म्हणून ग्रेमलिन नॉब समोर आला. ज्यांनी खेळलाय त्यांना आता पुढचं कळलं असेल. नॉब पहिल्या टर्नला मारत नाही, नुसता ओरडतो, आणि त्यानंतर तुम्ही स्किल कार्ड टाकलं रे टाकलं की त्याची ताकद दोननं वाढते. दाजींनी पहिल्या टर्नला काय केलं, तर तीन डिफेंड, म्हणजे मार अडवायला ब्लॉक देणारी स्किल कार्डं. तो मारणारच नव्हता, त्याच्या डोक्यावर तसं दिसत पण होतं, ब्लॉक सगळा वाया. दुसऱ्या टर्नला आणि दोन डिफेंड, म्हणजे दहा ब्लॉकसाठी नॉबला कायमची चार ताकद फुकट दिली. दोन टर्न अजून, आणि दाजींची हेल्थ तळाला. "बघ, म्हटलं नव्हतं? पत्तेच असले आले."

मी म्हटलं थांबा, मरू नका. मेन्यूतनं सेव्ह अँड क्विट केलं आणि परत चालू केलं. ह्या गेममध्ये तसं केलं की लढाई पहिल्यापासून सुरू होते, आणि गंमत अशी की हातात पत्ते पण तेच येतात, कारण सीड, म्हणजे पत्ते कसे पिसायचे ते ठरवणारा आकडा, तोच असतो. तेच पाच पत्ते, तोच नॉब. आता डिफेंडला हात लावायचा नाही, एवढंच सांगितलं. पहिल्या टर्नला बॅश हे मारायचं कार्ड, त्यानं व्हल्नरेबल लागतो म्हणजे पुढचा मार दीडपट, वर एक स्ट्राईक, ते साधं मारायचं कार्ड. दुसऱ्या टर्नला नुसते स्ट्राईक. मार खात खात, पण नॉब पडला आणि दाजी जिवंत राहिले. पत्ते तेच होते की नाही? मग नशीब कुठनं बदललं?

दाजींचं उत्तर ऐका, "तू सांगितलंस म्हणून जिंकलो." अहो मग तेच तर म्हणालोय मी! सांगून येतं ते नशीब कसलं? रमीत तेरा पत्ते वाटून येतात ते कौशल्य, आणि इथं शत्रू पुढं काय करणार हे आधी दिसतं तरी हा जुगार? हा वाद अजून चालूच आहे.

शिव्या घालणाऱ्या रिव्ह्यूंचं सांगायचं तर बरेच जण मिळेल ते कार्ड उचलतात, तीस-चाळीस पत्त्यांचा ढीग करतात आणि मग पाहिजे ते कार्ड हातात येईना म्हणून रडतात. न घेणं हा पण पर्याय आहे की. गेममधल्या दुकानात 75 गोल्ड देऊन एक स्ट्राईक काढून टाका, पुढच्या वेळी 25 नं महाग होतं पण तरी परवडतं. चित्रं साधी आहेत ही तक्रार मात्र खरी, मला काही वाटत नाही.

बलात्रो 2024 चा, चांगला आहे, पोकरचे हात आणि जोकर, लगेच चटक लागते. युरोपातल्या रेटिंगवाल्यांनी त्याला जुगाराचं चित्रण म्हणून 18 वर्षांवरचा ठरवला होता, मग 2025 मध्ये 12 वर आणला. त्यात एक रुपया लावायचा नसतो तरी. म्हणजे दाजींसारखे लोक तिकडं पण आहेत. तुम्ही कुठला आधी घ्यायचा ते तुमचं तुम्ही बघा, मी स्पायर म्हणेन.

हां, नशीब अजिबात नाही असं पण नाही. ॲसेन्शन, म्हणजे गेमची अवघड पातळी, वाढवत 20 पर्यंत गेलात, तिथं शेवटी दोन बॉस लागोपाठ येतात, की एखादी रन, म्हणजे अख्खा डाव, खरंच हातातनं जाते, आणि स्नेको आय ही वस्तू घेतलात तर कार्ड टाकायची किंमतच दर वेळी बदलते. पण त्याच 20 वर ओळीनं जिंकणारे लोक आहेत, त्यांचं रोजच नशीब उघडतं का?

आणि 2025 च्या ऑगस्टात केंद्रानं पैशाचे ऑनलाईन खेळ देशभर बंद केले, कौशल्य असो नाहीतर नशीब असो, कायद्याला दोन्ही सारखंच. शिनोळीचा चहा तेव्हापासून बंद. दाजी, हे वाचत असाल तर स्पायरला पैसे एकदाच लागतात, फोनवर पण मिळतो, अक्षरं तेवढी बारीक दिसतात, चष्मा घेऊन बसा.